कै. डॉ. आनंदीबाई जोशी : परमुलखातील विद्यार्थिदशा

ज्येष्ठ महिना उजाडला आणि परीक्षांचे निकाल हाती आले, म्हणजे आपल्या संगमेश्वर तालुक्यातील गावोगावच्या घरांत एक निराळीच लगबग सुरू होते. कोणाचा मुलगा मुंबईस निघतो, कोणाची मुलगी पुण्यास निघते. पूर्वी जयगडच्या किंवा रत्नागिरीच्या बंदरावरून आगबोटीने जावे लागे. आता कोकण रेल्वेची गाडी आपल्या स्थानकावर उभी राहते. वाट बदलली, वाहन बदलले. परंतु ट्रंकेत वा पिशवीत पोह्याचे पापड व मेतकुटाचा डबा भरून देणाऱ्या माउलीच्या मनातील काळजी तीच आहे. मूल जेवेल काय, निजेल कोठे, दुखलेखुपले तर पाहील कोण, हे प्रश्न ती मनातल्या मनात विचारीत असते.

आपल्या ज्ञातीतील मागच्या पिढ्यांपैकी कितीतरी जण वार लावून जेवून शिकले. आठवड्याच्या सात दिवसांना सात घरे, आणि एखादे घर चुकले की त्या दिवशी पाण्यावर भागवणे, अशा रीतीने कित्येकांनी आपल्या पदव्या मिळविल्या. दुसऱ्याच्या आधाराने शिकणे ही आपल्याकडे कधीच लाजेची गोष्ट मानली गेली नाही. परंतु त्या आधाराने शिकणाऱ्याचा दिवस कसा जातो, याकडे आधार देणाऱ्यांचे लक्ष पुष्कळदा नसते. यंदाच्या स्मरणिकेत आम्ही जिचे चरित्र देत आहोत, तिचे नाव प्रत्येक वाचकास ठाऊक आहे. ती आपल्या तालुक्याची नव्हे. परंतु ती कोकणस्थ घराण्यात जन्मली आणि कोकणस्थ घराण्यात नांदली, म्हणून ती आपली. तिची पदवी सर्वांस ठाऊक आहे. त्या पदवीपूर्वीच्या तीन वर्षांतील तिचे रोजचे जिणे मात्र फारसे कोणी पाहिलेले नाही. तेच येथे मुख्यत्वे सांगावयाचे आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव यांच्या घराण्यास एके काळी चांगले वैभव होते. पण यमुनेच्या बालपणी ते ओसरत चालले होते. १८७४ साली, वयाच्या नवव्या वर्षी, तिचे लग्न गोपाळ विनायक जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव बिजवर असून तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. ते मूळचे संगमनेरचे. नावात साम्य असले तरी हे संगमनेर घाटावरचे, पूर्वीच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील होय, आपले संगमेश्वर नव्हे. ते टपाल खात्यात नोकरीस होते. सासरी यमुनेची आनंदी झाली.

गोपाळराव हे एक विलक्षण गृहस्थ होते. बायकोस शिकवावयाचेच, हा त्यांचा ध्यास होता. आणि हा ध्यास इतका तीव्र होता की त्यापायी त्यांनी त्या अजाण मुलीस मारहाण करण्यासही मागेपुढे पाहिले नाही. इतर घरांत बायको पुस्तक हाती धरते म्हणून मार खाई. येथे ती पुस्तक टाकून स्वयंपाकघरात रमते म्हणून मार खाई. पुढे अमेरिकेतून लिहिलेल्या पत्रांत आनंदीबाईंनी या बालपणीच्या माराची आठवण पतीस स्पष्ट शब्दांत करून दिली, आणि त्याच वेळी आपल्या शिक्षणाचे श्रेयही त्यांस दिले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. चरित्र सांगताना एक झाकून दुसरी दाखविणे बरे नव्हे.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंस मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय साहाय्य मिळाले असते तर तो वाचता, ही रुखरुख त्यांच्या मनास लागून राहिली. त्या काळी पुरुष डॉक्टरापुढे आपले दुखणे सांगण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या स्त्रिया घरोघर होत्या. आणि स्त्री डॉक्टर म्हणावी तर या देशातील हिंदू स्त्रियांत एकही नव्हती. आपण वैद्यकी शिकावी, हा विचार या दुःखातून दृढ झाला.

विचार दृढ झाला, तरी द्रव्य कोठून आणावयाचे? टपाल खात्यातील मध्यम पगाराच्या नोकरीत परदेशी शिक्षणाचा खर्च झेपणे अशक्य होते. गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्यांकडे पत्रे लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. उत्तर आले ते असे की, उभयतांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास मदतीचा विचार होईल. ही अट आनंदीबाईंनी व गोपाळरावांनी मान्य केली नाही. मदत हवी होती, अत्यंत निकडीची होती; पण त्या मदतीसाठी आपले आपलेपण विकावयाचे नाही, हे त्यांनी आरंभीच ठरवून टाकले. वय कोवळे, घरी दारिद्र्य, आणि तरीही नकार देण्याचे हे धैर्य, आनंदीबाईंच्या चरित्रातील हा पहिला मोठा प्रसंग होय.

योगायोग असा की, हा पत्रव्यवहार मिशनऱ्यांच्या एका मासिकात छापून आला, आणि अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या सौ. थिओडिसिया कार्पेंटर या बाईंच्या दृष्टीस पडला. दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता त्यांनी तो अंक चाळला, असे सांगतात. कोठली कोण परदेशी मुलगी. पण तिची शिकण्याची तळमळ या बाईंच्या हृदयास भिडली. त्यांनी पत्र पाठविले. आनंदीबाईंनी उत्तर दिले. पत्रामागून पत्रे जाऊ लागली, आणि न पाहिलेल्या त्या बाईंशी आनंदीबाईंनी मावशीचे नाते जोडले. बदलीनिमित्त जोशी दांपत्य अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज असे फिरत शेवटी बंगालमध्ये गेले होते. तेथे आनंदीबाईंची प्रकृती ढासळू लागली. डोकेदुखी, बारीक ताप, थकवा, कधी धाप. मावशींनी अमेरिकेतून औषधे पाठविली. पण गुण आला नाही. म्हणजे, विद्यार्थिनी होण्यापूर्वीच त्या रोगी होत्या, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

हिंदू बाई समुद्र ओलांडून परदेशी एकटी शिकावयास जाणार, हे कळताच चोहोंकडून टीकेचा भडिमार झाला. मुंबईत असताना, पुस्तके घेऊन शाळेत जाते एवढ्याच कारणावरून रस्त्यातील लोकांनी त्यांची कुचेष्टा केली होती. आता तर वाळीत टाकण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात अठरा वर्षेही पुरी न झालेल्या या मुलीने जाहीर भाषण केले. आपण अमेरिकेस का जातो, येथेच का शिकत नाही, एकटी का जातो, अशा लोकांच्या प्रश्नांस तिने एकेक करून उत्तर दिले, आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येऊ, असे वचन दिले. या भाषणाचा परिणाम चांगला झाला. देशाच्या निरनिराळ्या भागांतून मदत येऊ लागली. व्हाइसरॉयनीही २०० रुपये दिले.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून आगबोटीत बसल्या. पती बरोबर नव्हते. ओळखीतून मिळालेल्या परदेशी स्त्रियांची सोबत होती. जवळजवळ दोन महिन्यांच्या प्रवासानंतर ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. बंदरावर मावशी वाट पाहत उभ्या होत्या. तो उन्हाळा आनंदीबाईंनी रोझेलला त्यांच्या घरी काढला. माहेरपणाचे सुख त्यांस जर कोठे मिळाले असेल तर ते त्या चार महिन्यांत, सातासमुद्रापलीकडच्या त्या घरात.

फिलाडेल्फिया शहरी स्त्रियांसाठी स्वतंत्र वैद्यकीय महाविद्यालय १८५० मध्ये स्थापन झाले होते. आनंदीबाईंनी तेथे प्रवेशासाठी अर्ज केला. आपले पूर्वशिक्षण त्या महाविद्यालयाच्या अपेक्षेइतके नाही, हे त्यांनी लपविले नाही. आपला निश्चय व आपल्या देशभगिनींची गरज एवढेच भांडवल त्यांनी पुढे ठेवले. महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचेल बॉडली या रसायनशास्त्राच्या अध्यापिका होत्या. त्यांनी या अर्जाचे मोल ओळखले. आनंदीबाईंस प्रवेश मिळाला आणि ६०० डॉलरची शिष्यवृत्तीही मिळाली. १८८३ च्या ऑक्टोबरात तीन वर्षांचा शिक्षणक्रम सुरू झाला.

आता त्या दिवसांकडे वळू. शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे सर्व मिळाले, असे दुरून वाटते. प्रत्यक्षात काय होते?

राहण्यास जी खोली मिळाली होती तिच्यातील शेगडीचे धुराडे जुने व बिघडलेले होते. विस्तव पेटविला की धूर वर न जाता खोलीतच कोंडे. फिलाडेल्फियाचा हिवाळा म्हणजे आपल्याकडील पौषातील पहाटेची शिरशिरी नव्हे. तेथे बाहेर पाणी गोठते, बर्फ साचतो, आणि विस्तवावाचून खोलीत बसणे म्हणजे हाडे गोठविणे. तेव्हा आनंदीबाईंपुढे रोज संध्याकाळी एकच निवड असे. विस्तव पेटवून धूर सोसावयाचा, की विस्तव विझवून थंडी सोसावयाची? ज्यांनी पावसाळ्यात ओल्या लाकडांच्या चुलीपुढे बसून डोळे चोळले आहेत, त्या आपल्या भगिनींस या धुराची कल्पना येईल. पण आपल्या चुलीजवळून उठून ओसरीवर येता येते. तेथे बाहेर हिम पडत असे.

दुसरा प्रश्न वस्त्राचा. परदेशी गेले तरी आपला पोशाख सोडावयाचा नाही, असा त्यांचा निग्रह होता. आपल्याकडील नऊवारी लुगडे आपल्या हवेस योग्य. त्या थंडीत पोटऱ्या उघड्या राहत. म्हणून त्यांनी लुगडे नेसण्याची गुजराती पद्धत पत्करली, जेणेकरून अंग घोट्यापर्यंत झाकले जाई. ही तडजोड लहान दिसते. परंतु आपले न सोडता परक्या मुलखात कसे निभवावे, याचा तो एक साधा व शहाणपणाचा नमुना आहे. त्यांची छायाचित्रे आज उपलब्ध आहेत. त्यांपैकी १० ऑक्टोबर १८८५ च्या एका छायाचित्रात आनंदीबाई साडी नेसून बसल्या आहेत, आणि शेजारी जपानच्या केई ओकामी व सिरियाच्या साबत इस्लांबुली या विद्यार्थिनी आपापल्या देशांच्या पोशाखात बसल्या आहेत. तीन दूरदेशींच्या तीन मुली, एकाच विद्येसाठी एका छताखाली आलेल्या! त्या दोघींसही पुढे पदव्या मिळाल्या.

तिसरा प्रश्न अन्नाचा, आणि हाच सर्वांत कठीण होता. आनंदीबाई शाकाहारी. त्या देशातील सामान्य जेवण मांसाभोवती रचलेले. तेव्हा आपले आपण शिजवून खाणे, अथवा मिळेल ते थोडके खाणे, याखेरीज मार्ग नव्हता. तांदूळ-डाळ शिजविण्यास विस्तव हवा, आणि विस्तवाची गोष्ट वर आलीच आहे. शिवाय दिवसभर व्याख्याने, रसायनशाळेतील काम, शवविच्छेदन, रुग्णालयातील निरीक्षण. आणि परतल्यावर परक्या भाषेतील जाडजूड ग्रंथांचे वाचन. ज्या मुलीस शाळेचे असे सलग शिक्षण फारसे मिळालेच नव्हते, तिला वर्गातील इतर विद्यार्थिनींच्या बरोबरीने राहण्यासाठी दुप्पट वाचावे लागणार, हे उघड आहे. अशा दिवसात स्वयंपाकास वेळ कोठून उरावा? थकून आलेल्या जिवाने एक वेळ जेवण टाळले, तर विचारणारे घरात कोणी नव्हते. ज्याने वार लावून जेवण केले आहे, त्यास उपाशी दिवस ठाऊक असतो; पण त्यास निदान सात घरच्या सात माउल्या ओळखत असत.

शवविच्छेदनाविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. सोवळेओवळे पाळणाऱ्या घरातून आलेल्या मुलीने मृत देहास हात लावणे ही त्या काळी केवढी गोष्ट होती, हे आज सांगून पटणार नाही. कलकत्त्यात मधुसूदन गुप्त या वैद्याने १८३६ साली शवविच्छेदन केले, तेव्हा त्याची केवढी चर्चा झाली होती. त्यानंतर अर्धे शतकही लोटले नव्हते, तोच एक कोकणस्थ सून फिलाडेल्फियात हे काम रोजच्या अभ्यासाचा भाग म्हणून करीत होती, आणि आपल्या खोलीवर येऊन आपला धर्मही पाळीत होती. या दोन गोष्टींत विरोध आहे, असे त्यांस कधी वाटले नाही.

पत्रे हा त्यांचा एकच विसावा होता. मावशींचे घर दूर नव्हते. सुटीत तेथे जाता येई. डॉ. बॉडलीही ममतेने वागत. परंतु पतीची पत्रे आली की मन नेहमी शांत होईच असे नाही. ज्यांनी स्वतः त्यांस परदेशी धाडण्याचा हट्ट धरला, तेच गोपाळराव दुरून संशयाच्या व टोमण्यांच्या गोष्टी लिहीत. आनंदीबाई त्यांस नम्रपणे, पण खंबीरपणे उत्तर देत. पुढे १८८५ मध्ये गोपाळराव स्वतः अमेरिकेत पोहोचले, आणि तेथील लोकांच्या चालीरीतींवर जाहीर व्याख्यानांतून कडक टीका करू लागले. ज्या लोकांच्या औदार्यावर पत्नीचे शिक्षण चालले होते, त्यांच्याविषयी पतीचे असे बोलणे ऐकून आनंदीबाईंचा जीव किती संकोचला असेल, हे आधाराने शिकलेल्या प्रत्येकास समजेल.

आणि या साऱ्यात प्रकृती खालावत होती. शिक्षणाच्या काळातच त्यांस घटसर्पाचे दुखणे झाले. त्यातून त्या वाचल्या. पण दीड-दोन वर्षांत ताप व घेरी यांचे झटके येऊ लागले आणि खोकला असा जडला की तो पुन्हा सुटला नाही. हा क्षय होता. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच दाखवून दिले होते. परंतु त्यावर खरे औषध निघण्यास आणखी साठ वर्षे लागावयाची होती. धुराने किंवा थंडीने क्षय उत्पन्न होत नाही, तो जंतूंनी होतो, हे आज आपण जाणतो. पण अपुरे अन्न, अतिश्रम आणि कोंदट हवा यांनी शरीराची झुंजण्याची शक्ती जाते, हेही तितकेच खरे. आनंदीबाई स्वतः वैद्यकीच्या विद्यार्थिनी होत्या. आपल्या देहात काय चालले आहे, याचा अर्थ त्यांस पाठ्यपुस्तकांतून वाचता येत होता. तरी त्यांनी वर्ग सोडला नाही. इतक्यांनी दिलेला पैसा, इतक्यांनी ठेवलेला विश्वास, सेरामपूरच्या सभेत दिलेले वचन, हे सर्व अर्ध्यावर टाकून परत जाणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

पदवीच्या प्रबंधासाठी त्यांनी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय निवडला. पाश्चात्त्य विद्या शिकावयास आलेल्या या मुलीने आपल्या प्राचीन ग्रंथांतील ज्ञान पाश्चात्त्यांपुढे मांडावे, ही गोष्ट अभिमानाची आहे. आणि दहा दिवसांच्या बाळास गमावलेल्या मातेने प्रसूतीचाच विषय घ्यावा, यातील मर्म वेगळे सांगावयास नको.

११ मार्च १८८६ रोजी पदवीदान समारंभ झाला. गोपाळराव उपस्थित होते. पंडिता रमाबाई या समारंभासाठी मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. आनंदीबाई डॉक्टर झाल्या. पाश्चात्त्य वैद्यकातील पदवी घेणारी पहिली हिंदू स्त्री म्हणून त्यांचे नाव सर्वत्र झाले. व्हिक्टोरिया राणीकडूनही अभिनंदन आले. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीची परीक्षा पार केली. एकाच वर्षी देशाच्या दोन कोपऱ्यांतील दोन स्त्रियांनी ही वाट मोकळी केली.

कोल्हापूर दरबाराने त्यांस आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागाच्या प्रमुखपदी नेमले. पदवीनंतर अनुभवासाठी त्या बोस्टन येथील स्त्रियांच्या व मुलांच्या रुग्णालयात गेल्या. पण शरीराने साथ दिली नाही. १८८६ च्या ऑक्टोबरात त्या परतीच्या प्रवासास निघाल्या व नोव्हेंबरात मुंबईस उतरल्या. जाताना ज्यांनी नावे ठेवली, त्यांच्यापैकीही पुष्कळ आता कौतुक करू लागले होते. वर्तमानपत्रांतून गौरव झाला. लोकमान्य टिळकांनी पत्र लिहून द्रव्यसाहाय्य पाठविले. पुण्यास औषधोपचार चालू झाले. परंतु वेळ निघून गेली होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. बावीस वर्षे पूर्ण होण्यास महिनाभराहून थोडाच अधिक अवधी उरला होता, आणि पदवी मिळून वर्षही झाले नव्हते. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्या एक दिवसही काम करू शकल्या नाहीत.

त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी मावशींकडे पाठविल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी गावच्या स्मशानभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्या ठेवण्यात आल्या. पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, कॅरोलाइन डॉल या अमेरिकन विदुषीने त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले, आणि त्यानंतर कादंबरीने, नाटकाने व चित्रपटाने आनंदीबाईंचे नाव घरोघर नेले. शुक्र ग्रहावरील एका विवरासही त्यांचे नाव दिलेले आहे.

ज्ञातिबंधु-भगिनींनो, थोर माणसांची चरित्रे आपण दर वर्षी वाचतो व अभिमानाने मिटून ठेवतो. या चरित्राने मात्र आपल्यास थोडे अस्वस्थ करावे, अशी आमची इच्छा आहे. आनंदीबाईंस मदत करणाऱ्यांची वाण नव्हती. व्हाइसरॉयने दिले, महाविद्यालयाने दिले, मावशींनी घर दिले, देशातील अनोळखी माणसांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे दिले. इतक्या सद्भावाने भरलेले हे साहाय्य; तरी ते बिघडलेले एक धुराडे दुरुस्त करू शकले नाही, आणि रात्री थकून आलेल्या मुलीपुढे ऊन वरणभाताचे एक ताट मांडू शकले नाही. यात कोणा एकाचा दोष काढावयाचा नाही. डॉ. बॉडली व मावशी यांच्याइतकी ममता आजही दुर्मिळ आहे. परंतु शिकणाऱ्याचा संकोच फार मोठा असतो. ज्याने घेतले आहे, तो आणखी मागत नाही. खोलीत धूर होतो, असे तो लिहीत नाही. चालले आहे, असे लिहितो. तेव्हा विचारावयाचे ते देणाऱ्यानेच.

वार लावून जेवण्याच्या जुन्या प्रथेत उणेपण पुष्कळ होते. मुलाच्या मानास ती बोचे, हे खरे. पण तिच्यात एक गोष्ट चांगली होती. देणाऱ्या घरास मुलाचा चेहरा दर आठवड्यास दिसे. तो वाळला, खोकू लागला, गप्प झाला, तर घरच्या बाईच्या ते ध्यानात येई. आज आपण धनादेशाने किंवा भ्रमणध्वनीवरून पैसे पाठवितो. मानाच्या दृष्टीने ही पद्धत चांगली; पण त्यात चेहरा दिसत नाही.

आपल्यापैकी ज्या कुटुंबांची मुले-मुली आज वैद्यकी, अभियांत्रिकी वा अन्य शिक्षणासाठी परगावी आहेत, आणि जी कुटुंबे अशा मुलांस हातभार लावितात, त्या सर्वांस आमची एवढीच विनंती आहे. गुणपत्रक मागण्यापूर्वी मुलास विचारावे की खोलीत हवा येते काय, दोन वेळ जेवण होते काय, खोकला आहे काय, झोप लागते काय. जवळपास आपल्या माणसांचे घर असल्यास महिन्यातून एकदा त्यास जेवावयास बोलवावे. वर्ष बुडाले तर पुन्हा मिळते, हे त्यास आपल्या तोंडाने सांगावे. कारण दुसऱ्याच्या पैशाने शिकणाऱ्यास वर्ष बुडविण्याची फार भीती वाटते, आणि त्या भीतीपायी तो आजार लपवितो. आनंदीबाईंनी लपविला की नाही, हे आपण जाणत नाही. पण त्यांनी तो अंगावर काढला, एवढे खास.

आपल्या कसब्याजवळ नद्यांचा संगम आहे. दोन प्रवाह एकत्र आल्याखेरीज तेथे तीर्थ होत नाही. विद्येच्या बाबतीतही तसेच आहे. देणाऱ्याचे द्रव्य आणि शिकणाऱ्याचे कष्ट एवढ्यावर भागत नाही. त्या दोहोंत मायेची विचारपूस मिळावी लागते. कै. डॉ. आनंदीबाईंच्या पवित्र स्मृतीस वंदन करून, पुढच्या कोणा आनंदीवर धूर की थंडी अशी निवड करण्याची पाळी आपल्या देखत येऊ नये, एवढीच प्रार्थना श्रीकर्णेश्वराच्या चरणी करू या.